ईझिंग्टन कॉलिअरी: खाण गेलेल्या गावात चार दिवस

बुधवार

बाबांचं पितळी टोकन पर्समध्ये ठेवूनच मी नागपूरहून निघाले होते. जुन्या रुपयाएवढं गोल, वरच्या कडेला भोक आणि मधे ठोकून उमटवलेला आकडा, ११४७. बाबा बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते, म्हणजे खालच्या कामावर आणि माणसांवर देखरेख करणारे. खाली उतरायच्या आधी लॅम्प रूमच्या खिडकीत टोकन द्यायचं आणि कॅप लॅम्प घ्यायचा. वर आलं की लॅम्प द्यायचा, टोकन घ्यायचं. टोकन खिळ्यावर लटकतंय म्हणजे माणूस अजून खाली आहे. रिटायर होताना हे टोकन त्यांच्याकडे कसं राहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. वीस वर्षं ते देव्हाऱ्याखालच्या खणात होतं.

भाचा इंग्लंडात न्यूकॅसलला नोकरीला आहे. "मावशी, एडिंबरा करू, तळ्यांच्या भागात जाऊ," असं त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, ते पुढच्या वेळी. मला डरहॅमच्या किनाऱ्यावरची खाणगावं बघायची आहेत. त्यातही ईझिंग्टन कॉलिअरी. कॉलिअरी म्हणजे कोळशाची खाण. हे नाव मी बाबांच्या तोंडून ऐकलं होतं. सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना कोळशाच्या धुळीच्या स्फोटांची जी उदाहरणं शिकवली, त्यात हे एक होतं.

जुलैचा दुसरा आठवडा मुद्दाम निवडला होता. कारण शनिवारच्या नोंदीत येईलच.

न्यूकॅसलहून किनाऱ्याकिनाऱ्याने एक छोटी गाडी जाते. वाटेत संडरलँड लागतं. तिथल्या वेअरमाउथ खाणीच्या जागेवर आता फुटबॉलचं मोठं मैदान आहे आणि बाहेर खाणीतल्या दिव्याची मोठी प्रतिकृती उभी केली आहे. ही खाण १९९३च्या डिसेंबरात बंद झाली आणि डरहॅमच्या खोल खाणी तिथेच संपल्या.

आम्ही सीअॅमला उतरलो. हे बंदर १८३१ साली सुरू झालं ते कोळशासाठीच. लंडनडेरीचा मार्क्विस या खाणमालक उमरावाला आपल्या खाणींचा माल थेट स्वतःच्या धक्क्यावरून जहाजात चढवायचा होता. गावात एक जुनं, लहानसं सॅक्सन चर्च आहे, तेराशे वर्षांपूर्वीचं. किनाऱ्यावर माणसं वाकून काहीतरी वेचत होती. आम्हीही वाकलो. वाळूत काचेचे खडे सापडतात, हिरवे, पांढुरके, क्वचित दुरंगी. इथे बाटल्यांचा मोठा कारखाना होता आणि त्याची टाकाऊ काच समुद्रात जायची. कारखाना १९२१ला बंद झाला, पण समुद्र अजून घासून घासून एकेक तुकडा परत देतोय. भाच्याने मूठभर गोळा केले.

मला मात्र न्यू सीअॅमच्या ख्राइस्ट चर्चला जायचं होतं. ८ सप्टेंबर १८८०च्या पहाटे सीअॅम खाणीत स्फोट झाला, १६४ माणसं आणि मुलं गेली. गावात फुलांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि ते बघायला मिळावं म्हणून काहींनी आपसात पाळ्या बदलून घेतल्या होत्या. त्या अदलाबदलीत कुणी वाचलं, कुणी गेलं. स्फोटातून वाचलेले काहीजण आत अडकून तासन्‌तास जिवंत होते. एकाने पाण्याच्या बाटलीवर बायकोसाठी निरोप कोरला. त्याचं तान्हं बाळ घरी आजारी होतं, त्याची आठवण त्या निरोपात आहे. बाळही त्याच सुमारास गेलं. चर्चच्या आवारातल्या स्मारकापाशी आम्ही दोघंही फार बोललो नाही.

पाळी बदलून घेणं ही गोष्ट मला चांगली माहीत आहे. माझ्या मुंजीच्या वयाच्या भावाला ताप होता म्हणून बाबांनी एकदा रात्रपाळी बदलून घेतली होती, आणि ती पाळी संपेपर्यंत आई ज्यांनी बदलून दिली त्यांच्या घरी जाऊन बसली होती.

गुरुवार

सकाळी पुन्हा तीच गाडी, पण या वेळी हॉर्डनपर्यंत. इथलं स्टेशन १९६०च्या दशकात बंद पडलं होतं, ते २०२० साली परत सुरू झालं. हॉर्डनची खाण एके काळी केवढी मोठी होती! चार हजारांवर माणसं कामाला. १९३०च्या मे महिन्यात एका दिवसात ६,७५८ टन कोळसा वर काढून त्यांनी युरोपात विक्रम केला होता. १९८७ला खाण बंद. गल्ल्यांना नावं द्यायलासुद्धा कंपनीने वेळ घालवला नाही. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा तेराव्या गल्लीपर्यंत. आमच्या कॉलनीत क्वार्टरला नंबर होते, तसेच.

हॉर्डनच्या बागेत एका खाणकामगाराचा पोलादी पुतळा आहे. त्याचं नाव 'मॅरा'. मॅरा म्हणजे इथल्या खाणकामगारांच्या बोलीत जोडीदार, खाली ज्याच्या भरवशावर काम करायचं तो. पुतळ्याच्या छातीत भगदाड आहे. काळीज उपटून नेल्यासारखं. लांबून गंजका वाटणारा पुतळा जवळून बघताना अंगावर येतो. भाचा फोटो काढायला पुढे गेला आणि फोन खिशात ठेवून परत आला.

तिथून ईझिंग्टनपर्यंत कड्यावरून पायवाट आहे. तासाभराची चाल आम्ही दोन तासांत केली. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला शेत, मधे गवत आणि रानफुलं. इथल्या चुनखडीच्या जमिनीवरचं हे गवत दुर्मिळ मानतात. रॉकरोझ नावाचं पिवळं फूल फुललं होतं. त्याच झाडावर वाढणारं डरहॅम आर्गस नावाचं तपकिरी फुलपाखरू या दिवसांत उडतं. आम्हाला दोन दिसली, नखाएवढी, पंखांच्या कडेला नारिंगी ठिपके.

हे सगळं बघताना मला एक गोष्ट सारखी आठवावी लागत होती, की हा किनारा काळा होता. शंभर वर्षं खाणींचा दगडगोटा आणि गाळ थेट इथे ओतला गेला. वाळू दिसत नव्हती, समुद्राचं पाणी काठाला राखाडी असायचं. खाणी बंद झाल्यावर १९९७ ते २००२ या पाच वर्षांत सुमारे एक कोटी पौंड खर्चून किनारा साफ केला. दहा लाख टनांहून जास्त टाकाऊ माल हलवला, उरलेला समुद्राने हळूहळू नेला. अजूनही काही ठिकाणी कड्याखाली काळपट-तांबडा थर दिसतो. मला वणी, घुग्घुसकडचे खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर आठवले. तिथे बाभळी लावतात, पण डोंगर डोंगरच राहतो. इथे माणसांनी ठरवलं आणि पाच वर्षांत करून दाखवलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि मग चढावर तो दिसला. पिंजरा.

माणसांना खाणीत नेणारा लोखंडी पिंजरा, ज्याला बाबा सोबत्यांच्या हिंदीत 'डोली' म्हणायचे. खाणीचं बाकी काहीही शिल्लक नाही. चाकांचा मनोरा १९९४ला पाडला, शाफ्ट म्हणजे खाली उतरणाऱ्या उभ्या विहिरी बुजवल्या, लॅम्प रूम, आंघोळीची जागा, कोळसा धुण्याची इमारत, सगळं गेलं. सगळीकडे गवत. त्या गवतात उंचावर एकटा पिंजरा ठेवला आहे, समुद्राकडे तोंड करून. मी जवळ जाऊन सळीवर हात ठेवला. थंडगार, वाऱ्याने ओलसर. रंगाखाली गंजाचे फोड बोटांना लागत होते. बल्लारपूरला लहानपणी एकदाच, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, बाबांनी मला कडेवर घेऊन डोलीत उभं केलं होतं. खाली नेलं नव्हतं, नुसतं उभं केलं होतं. पायाखालच्या फटीतून वर येणारी गार हवा मला अजून आठवते. इथे पायाखाली गवत आहे.

या गवताखालची गोष्ट सोपी नाही. शाफ्ट खणायला १८९९ला सुरुवात झाली आणि पहिला कोळसा वर यायला १९१० उजाडलं. अकरा वर्षं! कारण वरच्या थरात पाणी आणि वाळू इतकी, की खणलेलं ढासळायचं. शेवटी भोवतालची जमीन गोठवून घट्ट केली आणि त्या गोठलेल्या जमिनीतून शाफ्ट उतरवला. पुढे बोगदे समुद्राखाली मैलोन्‌मैल गेले. म्हणजे आम्ही ज्या लाटा बघत होतो, त्यांच्या खाली माणसं डबा खात होती. डब्याला इथे 'बेट' म्हणतात.

रेल्वेच्या पुलाखालून गावात शिरलो. सीसाइड लेन हा एकच मोठा रस्ता समुद्रापासून वर चढत जातो आणि दोन्ही बाजूंना विटांच्या घरांच्या रांगा. इथल्या गल्ल्यांची नावं अक्षरांनी लावली आहेत, एका भागात सगळी 'ए'ने सुरू होणारी, दुसऱ्यात 'बी'ने. बरीच दुकानं बंद. काही खिडक्यांवर लाकडी फळ्या. एका दारासमोर मात्र एक आजी पायरी घासत होत्या, इतक्या मन लावून की त्यांनी वर पाहिलं नाही. १९९३च्या मे महिन्यात खाण बंद झाली तेव्हा १,४०० जणांची नोकरी गेली. गाव खाणीसाठीच वसलं होतं, दुसरं काम नव्हतंच. खाण गेली आणि गाव राहिलं, ते असं.

मेमोरियल अॅव्हेन्यूला पोहोचेपर्यंत ढग आले होते. दोन्ही बाजूंना झाडं, ८३. प्रत्येक झाड एका माणसाचं.

२९ मे १९५१. पहाटेचे ४ वाजून ३५ मिनिटं. पाळी बदलण्याची वेळ, म्हणून त्या भागात एका पाळीऐवजी दोन पाळ्यांची माणसं होती. डकबिल नावाच्या त्या भागात कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात पायराइट नावाच्या कठीण खनिजावर घासले, ठिणगी उडाली, साचलेला मिथेन पेटला. एवढ्यावर थांबलं असतं तर नुकसान कमी झालं असतं. पण धक्क्याने बोगद्यांतली कोळशाची धूळ उडाली आणि ती धूळ पेटत पेटत पुढे गेली. मिथेन एका जागी जळतो, धूळ मात्र आग घेऊन धावते. आतले ८१ जण गेले. त्यांना शोधायला उतरलेले दोन बचावकर्मीही गेले.

बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या बुटांवर काळ्याबरोबर पांढरी भुकटी असायची. बोगद्यांत दगडाची पूड मारायची असते, कोळशाची धूळ पेटू नये म्हणून. आई ते बूट अंगणात झटकायची आणि पांढरं जास्त दिसलं की म्हणायची, "आज बरं काम केलं." मला त्याचा अर्थ मोठेपणी कळला. त्या झाडांखाली उभी असताना तो पुन्हा एकदा नीट कळला.

रस्त्याच्या तोंडाशी एक शिळा आहे. ती स्फोटाच्या जागेवरूनच वर आणली आहे. वर कोरलं आहे की इथून जाणाऱ्यांनीही समजून घ्यावं, आणि सगळ्यांत सद्भाव वाढवावा. मालकाला, सरकारला दोष नाही, रडणं नाही. ते वाक्य लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटला.

बाकावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. त्यांचं बोलणं मला निम्मंच कळत होतं, भाचा मधे मधे सांगत होता. कुठून आलात, म्हणाले. भारतातून, माझे वडील कोळशाच्या खाणीत होते, असं सांगितल्यावर ते सरकून बसले आणि बाकावर जागा केली. कुठली खाण, किती खोल, थर किती जाडीचा, गॅस किती, असे प्रश्न सुरू झाले. हवापाण्याबद्दल एक शब्द नाही. थराची जाडी मला सांगता आली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. मग मी पर्समधून टोकन काढलं. त्यांनी ते चष्मा वर करून अगदी डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने आकड्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात तसंच एक पितळी टोकन होतं, आकडा झिजत आलेला. दोन्ही त्यांनी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली.

"ओव्हरमन होता का? मग त्याने पोरांना नीट वर आणलं असणार," असं ते म्हणाल्याचं भाच्याने सांगितलं.

मी म्हटलं, हो. आणलं.

त्यांना खाणी बंद करण्याविरुद्ध झालेल्या १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपाबद्दल विचारलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. इथे जवळजवळ सगळे संपावर होते. ऑगस्ट १९८४मध्ये कामावर जायला तयार झालेल्या एका माणसाला आत न्यायला पोलिसांच्या फौजा आल्या आणि गाव वेढल्यासारखं झालं. बायकांनी 'सेव्ह ईझिंग्टन एरिया माइन्स' नावाचा गट काढला होता. त्याची आद्याक्षरं जोडली की 'सीम' होतं, म्हणजे कोळशाचा थर. त्यांनी वर्षभर सामुदायिक स्वयंपाकघर चालवलं. "बायकांनी आम्हाला जेवू घातलं," आजोबा म्हणाले, आणि त्यापुढे त्या विषयावर बोलले नाहीत.

जाताना त्यांनी हात मिळवला आणि 'मॅरा' म्हणाले. मला म्हणाले की बाबांना, ते मी विचारलं नाही.

दफनभूमीत गेलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. स्फोटात गेलेल्यांपैकी अनेकजण इथे एकत्र विसावले आहेत. आम्ही छत्रीत उभं राहून आडनावं वाचली. काही आडनावं दोनदा येत होती.

शुक्रवार

पाय दुखत होते, म्हणून फक्त डरहॅम शहर.

कथीड्रल नऊशे वर्षांहून जुनं आहे आणि त्याबद्दल जाणकारांनी भरपूर लिहिलं आहे. मी सरळ खाणकामगारांच्या स्मारकापाशी गेले. १९४७ साली, म्हणजे इंग्लंडातल्या खाणी सरकारी झाल्या त्याच वर्षी, ते बसवलं. काळपट कोरीव लाकूड, शेजारी सेफ्टी लॅम्प टांगलेला. ज्यांनी या जिल्ह्याच्या खाणींत जीव दिला त्यांचं आणि जे आजही तिथल्या अंधारात नि धोक्यात काम करतात त्यांचं स्मरण करा, असं त्यावर आहे. 'आजही' हा शब्द आता या जिल्ह्यात कुणालाच लागू होत नाही. पण बल्लारपूरला लागू होतो. मी तिथे उभी राहून बाबांच्या खाणीतल्या, आज दुपारपाळीला उतरलेल्या मुलांसाठी हात जोडले.

तो दिवाही आपल्या ओळखीचा आहे. १८१२ साली जवळच्याच फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले, तेव्हा उघड्या ज्योतीऐवजी सुरक्षित दिवा हवा म्हणून धडपड सुरू झाली. शास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीचा जाळीचा दिवा १८१६च्या जानेवारीत इथल्या हेबर्न खाणीत पहिल्यांदा वापरून बघितला. त्याच वेळी रेल्वे इंजिनवाला जॉर्ज स्टीफन्सनही स्वतःचा दिवा बनवत होता. बाबांच्या हातात गॅस बघायला असायचा तो पितळी दिवा याच घराण्यातला. ज्योत बारीक करायची, तिच्यावर निळसर टोपी दिसली की गॅस आहे. टोपी जितकी उंच, तितका गॅस जास्त.

दुपारी रेडहिल्स बाहेरून बघितलं. कामगारांनी आपल्या वर्गणीतून बांधलेली, १९१५ला उघडलेली संघटनेची वास्तू. आतल्या सभागृहाला खाणकामगारांची पार्लमेंट म्हणत. प्रत्येक खाणीच्या शाखेचं स्वतःचं, नंबर असलेलं आसन. तांबड्या विटांची अशी देखणी इमारत, तीही खाली वाकून कोळसा फोडणाऱ्यांची. समोर मी पुष्कळ वेळ बसले.

शनिवार

आज मोठी सभा. इथले लोक 'बिग मीटिंग' म्हणतात, पत्रिकेवर डरहॅम मायनर्स गाला, म्हणजे खाणकामगारांचा मेळा. १८७१ साली पहिली झाली. आता जिल्ह्यात एकही खाण नाही, तरी जुलैच्या दुसऱ्या शनिवारी हजारो माणसं येतात.

सकाळी लवकर ओल्ड एल्व्हेट रस्त्याच्या कडेला जागा धरली. आधी लांबून नुसता ढोल ऐकू आला. मग पहिलं बॅनर. रेशमी, रंगवलेलं, दोन माणसांहून उंच, दोन काठ्यांवर ताणलेलं, वाऱ्यात उलटू नये म्हणून पुढेमागे दोऱ्या धरलेल्या. पुढे ब्रास बँड, मागे त्या गावची माणसं, आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळांपर्यंत. मग दुसरं गाव, तिसरं गाव. मला पालखीसोबतच्या दिंड्या आठवल्या. प्रत्येक दिंडीचा नंबर ठरलेला, पताका आपली, वीणा आपला, आणि मागे आपलं गाव. इथेही तेच. खाण नाही, पण खाणीच्या नावाचं बॅनर आहे आणि त्यामागे चालायला माणसं आहेत. हॉटेलच्या सज्जासमोर प्रत्येक बँड थांबायचा, एक धून वाजवायचा, टाळ्या घ्यायचा आणि पुढे नदीकाठच्या रेसकोर्सकडे वळायचा.

पूर्वी ज्या खाणीत वर्षभरात कुणी गेलं असेल, तिच्या बॅनरवर काळं कापड बांधून ते मिरवणुकीत न्यायचे.

ईझिंग्टनचं बॅनर आलं तेव्हा आम्ही कठडा सोडून मागे सामील झालो. कुणी अडवलं नाही. एका बाईंनी बाजूला सरकून जागा दिली. त्यांच्या कडेवरची नात माझ्या साडीच्या काठाकडे बघत होती.

रेसकोर्सवर गवतात चादरी पसरून लोकांनी डबे उघडले होते. भाषणांआधी सगळे उठून उभे राहिले आणि बँडने 'ग्रेसफर्ड' वाजवायला घेतलं. १९३४ साली वेल्समधल्या ग्रेसफर्ड खाणीत २६६ जण गेले, त्यांच्यासाठी हेबर्नच्या रॉबर्ट सेंट नावाच्या खाणकामगाराने ही धून बांधली. तिला शब्द लागत नाहीत. एवढी हजारो माणसं, पण बँडखेरीज फक्त बॅनरांची फडफड ऐकू येत होती.

मी बल्लारपूरला आईला फोन लावला आणि काही न बोलता फोन उंच धरला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. धून संपेपर्यंत ती ऐकत राहिली. फोन कानाला लावला तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता.

"कोण गेलं गं?"

मी तिला सांगायला सुरुवात केली.